टाच, जप्ती आणि ‘ओढून नेणे’

राहात्याच्या परिसरातील मुलांना मराठी शिकवताना वाक्प्रचारांचा एक स्वाध्याय आम्ही वर्षानुवर्षे देत आलो. त्यात ‘टाच आणणे’ हटकून असे. एकदा एका मुलाने वाक्य लिहिले : ‘फायनान्सवाल्यांनी भावाच्या ट्रॅक्टरवर टाच आणली.’ आमच्यापैकी एकाने ते तांबड्या शाईने खोडले आणि समासात लिहिले की टाच न्यायालय आणते किंवा सरकार आणते, फायनान्सवाला नव्हे. वही परत घेताना मुलगा म्हणाला, “मग काय लिहू, सर? आमच्याकडं तर ट्रॅक्टर ओढून नेला म्हणतात.” त्या वेळी आम्हांला उत्तर सुचले नाही. कायद्याच्या भाषेत आमची दुरुस्ती बरोबर होती. तरीही काहीतरी चुकले आहे असे वाटत राहिले, आणि ते काय हे पाहण्यासाठी आम्हांला दीडशे वर्षे मागे जावे लागले.

आधी शब्दांकडे पाहू. कर्जवसुलीचा आपला शब्दसंग्रह बहुतांशी राज्यकर्त्यांच्या पावलांनी आलेला आहे. कर्ज आणि जप्ती अरबी मुळाचे, लिलाव पोर्तुगिजांचा, बेलीफ इंग्रजांचा. ‘हप्ता’ हा फारसी शब्द तर आठवड्यापासून निघून कर्जाच्या मुदतीच्या रकमेपर्यंत आणि तेथून गुंडाच्या खंडणीपर्यंत पोहोचला. या सगळ्या परक्या मंडळींत ‘ओढून नेणे’ तेवढे घरचे. त्यात कचेरी नाही, शिक्का नाही, तारीख नाही. एक ओढणारा आणि एक पाहत राहणारा, एवढेच.

१८७४ च्या डिसेंबरात पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात करडे गावी एका देशमुखाचे घर दीडशे रुपयांपायी गेले. सावकाराने दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा आणला होता आणि घर पाडण्यापर्यंत मजल नेली होती. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांचे शेत कोणी कसेना, पाणी भरेना, हजामत करीना. पुढे १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंगा उसळला आणि तो पुणे व अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) या जिल्ह्यांत पसरला. नगर जिल्ह्यात त्याची झळ मुख्यतः पारनेर, श्रीगोंदे या दक्षिणेकडच्या भागाला लागली. राहाता तेव्हा कोपरगाव तालुक्यात होते. स्वतंत्र तालुका ते १९९९ मध्ये झाले.

दंग्याची एक गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते. जमावाचा डोळा सावकाराच्या जिवावर क्वचितच होता. त्यांना हवी होती खते, रोखे आणि हुकूमनामे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खताचे आयुष्य तीन वर्षांवर आणले होते. ऋणकोच्या भल्यासाठी केलेल्या या तरतुदीचा परिणाम उलटाच झाला. दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेतले जाऊ लागले. ज्याला वाचता येत नव्हते त्यानेही हे ओळखले होते की आपले बैल, घर, शेत ओढून नेणारा दोर कागदाचा आहे. म्हणून जाळला तो कागद.

(एक गोष्ट येथेच नोंदवावी. दंग्यांच्या इतिहासावरून शेटजी आणि गाव यांचे नाते केवळ वैराचे होते असे समजणे घाईचे होईल. साईबाबा शिर्डीहून राहात्याला खुशालचंद शेटजींकडे मोठ्या प्रेमाने जात, हे दाभोळकरांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’त आलेच आहे.)

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर हे त्याचे चार जिल्हे. न्यायमूर्ती रानडे पुढे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश होते. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद झाले. न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मुळात किती पैसे दिले हे तपासता येऊ लागले. शेतजमिनीला जप्तीपासून संरक्षण मिळाले. मात्र ती त्या कर्जासाठी खास गहाण दिलेली नसेल तर.

हे ‘नसेल तर’ फार महागात पडले. साध्या खतावर पैसे देणारा आता गहाणखत मागू लागला. गहाणखतही तपासले जाते असे दिसताच खरेदीखत लिहून घेऊ लागला. म्हणजे जमीन कागदावर विकलेली, प्रत्यक्षात तारण ठेवलेली. कागदाआडचा खरा व्यवहार तोंडी पुराव्याने पाहण्याची मुभा न्यायालयांना १९०७ च्या दुरुस्तीने द्यावी लागली. अठ्ठावीस वर्षे कायदा कागदाच्या मागे धावत होता.

यानंतर १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता. तिचे ६० वे कलम आम्ही साहित्याच्या विद्यार्थ्यांना मुद्दाम वाचायला सांगतो. ऋणकोचे, त्याच्या बायकोचे आणि मुलांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण यांना जप्ती नाही. धर्माचाराने स्त्रीला अंगावेगळा करता येत नाही असा दागिना, म्हणजे आपल्याकडचे मंगळसूत्र, त्याला हात लावायचा नाही. कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औते, आणि पोट भरण्यास लागतील असे न्यायालयाला वाटेल तेवढे बैल व बियाणे ठेवायचे. ६२ वे कलम सांगते की सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी कोणाच्या घरात शिरायचे नाही. आणि आतल्या खोलीत पडदा पाळणारी स्त्री असेल तर तिला बाहेर जाण्याची सवड द्यायची. माणसाचे सगळे गेल्यावरही त्याच्याजवळ काय उरले पाहिजे, याची ही यादी आहे. बेलीफ दाराशी येई तेव्हा गावात अब्रू जायचीच. पण त्या बेलीफाच्या मागे ही यादी उभी असे.

सावकाराला पर्याय म्हणून सहकार आला. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणी बुद्रुक येथे १९२३ मध्ये पतपेढी काढली. पुढे त्यांच्याच पुढाकाराने प्रवरेचा साखर कारखाना उभा राहिला. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. कमी बोलले जाते ते हे की १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या १०१ व्या कलमाने निबंधकाचा दाखला मिळाला की दिवाणी दावा न लावताही थकबाकीदाराच्या मालमत्तेवर जप्ती आणता येते. वसुली अधिकारी पुष्कळदा ओळखीचा निघे, एवढाच काय तो फरक.

ट्रॅक्टर, मोटारसायकल, फ्रीज, सोफा यांचे प्रकरण निराळे. बँकेच्या मराठीत त्याला ‘नजरगहाण’ म्हणतात. शब्द सुंदर आहे : वस्तू तुमच्या अंगणात, हक्क त्यांच्या नजरेत. वाहनाच्या नोंदणीपुस्तकात वित्तपुरवठादाराचे नाव चढते. भाडेखरेदीत तर शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालक तोच असतो, आणि त्याने वाहन परत घेणे हा गुन्हा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येही म्हटले. आता ६० वे कलम कोणाला वाचवणार? ते ऋणकोच्या मालमत्तेला राखते. येथे मुळात वस्तू ऋणकोची नाहीच. बँकांना न्यायालयाबाहेर तारणावर ताबा घेऊ देणाऱ्या २००२ च्या कायद्यात ६० व्या कलमाची यादी आणलेली आहे खरी, पण कंसात शब्द आहेत की त्या कर्जासाठी खास तारण दिलेली मालमत्ता वगळून. १८७९ चे ‘नसेल तर’ पुन्हा भेटले.

वसुलीसाठी दांडगाई करू नये, रीतसर मार्गाने जावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये बजावले. वसुली एजंटांबाबत रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये नियम घातले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर कर्जदाराला फोन करण्यास मनाई केली. ६२ व्या कलमातला सूर्यास्तच जणू घड्याळात बसवला. त्यानंतर महिनाभरात, सप्टेंबर २०२२ मध्ये, झारखंडमधील हजारीबाग जिल्ह्यात वसुलीला आलेल्या माणसांनी एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर नेताना त्याची गर्भवती मुलगी त्याखाली चिरडून मेली. ती ट्रॅक्टर अडवायला धावली होती.

बैल असता तर न्यायालयाला विचारावे लागले असते की हा बैल या माणसाला पोटापाण्यासाठी लागतो की नाही. ट्रॅक्टरबद्दल तो प्रश्न विचारायला तेथे कोणी नव्हते.

तो स्वाध्याय आम्ही अजून देतो. ‘फायनान्सवाल्यांनी टाच आणली’ असे वाक्य अजूनही दरवर्षी एखाद्या वहीत सापडते. आता आम्ही ते खोडत नाही. समासात एवढेच लिहितो : हुकूमनामा कोणाचा?