प्लिमथचा म्हाकूळ

वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवताना चेतापेशीच्या विद्युत्संकेताचा आलेख मी फळ्यावर काढत असे. सरळ चढून खाली कोसळणारी ती रेघ मुलं चटकन वहीत उतरवून घेत. ती मिळवायला माणसांनी काय खस्ता खाल्ल्या, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नसे.

आपला जाडातला जाड चेतातंतूही मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा. त्याच्या आत तार घालायची कशी? म्हाकुळाच्या अंगात अर्धा मिलिमीटर जाडीचा चेतातंतू असतो, हे जे. झेड. यंग यांनी १९३६ मध्ये दाखवलं आणि वाट उघडली. १९३९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत अॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सले यांनी त्या तंतूत विद्युताग्र उतरवलं. स्वस्थ तंतूची आतली बाजू ऋण असते. संकेत जाताना आतबाहेरच्या विद्युत्दाबातला हा फरक फार तर शून्यावर येईल, अशी तोवरची समजूत. प्रत्यक्षात आतली बाजू शून्य ओलांडून चक्क धन झाली! पण काही आठवड्यांतच महायुद्ध पेटलं आणि काम थांबलं.

का धन होते, याचं उत्तर युद्धानंतर मिळालं. हॉजकिन आणि बर्नार्ड काट्झ यांनी तंतूभोवतीच्या समुद्राच्या पाण्यातलं सोडियम कमी केलं, तर संकेताची उंची घटली. म्हणजे सोडियम आत घुसतं म्हणून रेघ चढते. मग पोटॅशियम बाहेर पडतं आणि ती उतरते.

हे प्रवाह वेगवेगळे मोजायचे तर तंतूच्या आवरणावरचा, म्हणजे पटलावरचा, विद्युत्दाब स्थिर धरून ठेवायला हवा. ती युक्ती अमेरिकेतल्या केनेथ कोल यांची. संकेत जाताना पटलाचा विद्युत्रोध एकदम घटतो, हेही त्यांनीच आपले सहकारी कर्टिस यांच्याबरोबर आधी दाखवलं होतं.

तीच युक्ती वापरून हॉजकिन आणि हक्सले यांनी केलेल्या मोजमापांवरून समीकरणं बसली. केंब्रिज विद्यापीठाचा संगणक नेमका मोठ्या फेरबदलांसाठी बंद, म्हणून हक्सले यांनी हाताने फिरवायच्या ब्रुन्सविगा यंत्रावर सुमारे तीन आठवडे आकडेमोड केली. संकेताचा वेग निघाला सेकंदाला १८.८ मीटर; प्रत्यक्ष तंतूत मोजलेला होता २१.२. इतकं जवळचं उत्तर, तेही पटलातल्या सोडियमच्या वाटा कुणी पाहिलेल्या नसताना! १९५२ मध्ये हे सारं छापून आलं.

१९६३ चं वैद्यकाचं नोबेल हॉजकिन, हक्सले आणि चेताशास्त्रज्ञ जॉन एकल्स यांना मिळालं. कोल यांना मिळालं नाही. माझ्या मते तो अन्याय होता.