लसूण, लोखंड आणि लोहचुंबक

चुंबकाची शक्ति अडवितां येते काय, हा प्रश्न फार जुना आहे. लसूण चोळली कीं चुंबकाचें बळ जातें, असें ग्रीक ग्रंथकार प्लुटार्क यानें लिहून ठेविलें. पुढें शतकानुशतकें विद्वान मंडळी तें निमूटपणें उतरून घेत राहिली. गोष्ट हंसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. ढगाळ रात्रीं भर समुद्रांत खलाशांचा सारा भरंवसा होकायंत्राच्या सुईवर; तिचें बळ कशानें जातें, हा प्राणांचाच प्रश्न होता.

नेपल्सच्या देल्ला पोर्तानें १५८९ सालच्या आपल्या ग्रंथांत ह्या समजुतीचा निकाल लाविला. त्यानें खलाशांनाच विचारलें. ते म्हणाले, ह्या म्हातारीच्या गोष्टी आहेत. आम्ही प्राण सोडूं, पण कांदालसूण सोडणार नाहीं! पोर्ता तेवढ्यावर थांबला नाहीं. लसूण खाऊन त्यानें चुंबकावर ढेकर दिले, वर लसणीचा रस माखला. चुंबकाचें काम पूर्ववत् चाललें. मात्र हिऱ्यावर घासलेलें लोखंड उत्तरेकडे वळतें, असें हाच गृहस्थ लिहून गेला. इंग्लंडांतील वैद्य विल्यम गिल्बर्ट यानें पंचाहत्तर हिरे घेऊन, साक्षीदारांसमक्ष, तेंहि खोटें ठरविलें. १६०० सालच्या त्याच्या ग्रंथांत खरें उत्तर आहे: लांकूड, दगड, इतर धातु यांतून चुंबकाची शक्ति पार जाते, आडवा येतो तो फक्त लोखंडाचा पत्रा.

वस्तुतः लोखंड ही शक्ति गिळीत नाहीं, तिला सोपी वाट देतें. मळ्यांत खोल पाट काढला कीं पाणी वाफ्यांत न शिरतां पाटानें जातें, तसेंच हें. परंतु पाट तुडुंब भरला, तर पाणी बांधावरून वाहणारच! १९२३ सालीं स्मिथ व गार्नेट यांनीं समुद्रांतील तारांसाठीं निकेल, लोखंड व तांबें यांची ‘म्यू-मेटल’ नांवाची मिश्रधातु काढिली. क्षीण चुंबकत्वापुढें ती अप्रतिम. पण बलवान् चुंबकाजवळ तिचा पाट तेव्हांच भरतो. म्हणून १९८३-८४ नंतर निओडिमियमचे जबर चुंबक आले, तेव्हां दोहोंच्या मध्यें घालावयास जाड, मऊ लोखंडच उपयोगीं पडूं लागलें. तो पत्रा पक्का बसविला पाहिजे, कारण दोन्ही चुंबक त्यालाच ओढूं लागतात. ही साधी गोष्ट हुषार माणसेंहि विसरतात.

आणि पत्रा मुळींच चालत नाहीं, तेथें काय करावें? मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत असे. विजेच्या ट्राम येणार, म्हणजे प्रवाहांमुळें सुया डळमळणार! यंत्रें लोखंडांत कोंडावीं, तर जें मोजावयाचें तेंच बाहेर राहणार. म्हणून वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभॉय मूस यांनीं १९०४ सालीं अलिबागेस नवी वेधशाळा उभारली. इमारतीस पोरबंदरी दगड वापरला, लोखंड टाळलें. १९०६ पर्यंत दोन्हीं ठिकाणीं एकाच वेळीं नोंदी घेऊन ताळा पाहिला, आणि १९०७ सालीं मुंबईच्या रस्त्यांवर विजेची ट्राम धांवूं लागली, तेव्हां कुलाब्याच्या सुया मोजणीपासून मोकळ्या झालेल्या होत्या.