तीन लोंब्या, तीन अक्षरं

दिवाळी झाली की तुमसरच्या धान बाजारात उभं राहायला जागा उरत नाही. बंड्या गेल्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आल्या, पण माल पाहायची रीत जुनीच आहे. व्यापारी पोत्यात टोकदार पोकळ सळई खुपसतो. तिच्यातून मूठभर धान तळहातावर घेतो, दुसऱ्या तळव्यानं रगडतो आणि एक फुंकर मारतो. तूस उडून जातं, हातावर दहा-वीस दाणे राहतात. ते उजेडाकडे धरून बघायचे, एखादा दाताखाली घ्यायचा. कट्‌ आवाज झाला तर धान वाळलेलं, दबला तर ओल आहे. मग तो एकच शब्द बोलतो, ‘एचएमटी’. शेतकऱ्याच्या चेहऱ्यावरचा ताण तिथेच थोडा सैल होतो, कारण जाड्या धानाचा भाव वेगळा आणि या तीन अक्षरांचा वेगळा.

माझं लहानपण या बाजारालगतच्या गल्लीत गेलं. वडिलांच्या मनगटावर एचएमटीचं घड्याळ होतं. सकाळच्या चहाआधी ते त्याला चावी देत, कानाशी धरत आणि मगच बांधत. घरात शिजायचा तो बारीक तांदूळही एचएमटीच. दोन्ही एकाच कंपनीचं असावं असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो. अजूनही पुण्या-मुंबईत कुणाला विचारलं तर हा कुठल्या तरी बियाणं कंपनीचा ब्रँड असेल, असंच उत्तर येतं. तिकडच्या वाणसामानाच्या दुकानात तर पिशवीवर ‘एचएमटी कोलम’ असतं, म्हणजे एका नावावर आणखी एका नावाचं कलम. ज्या माणसाच्या बांधीतून हा दाणा निघाला त्याचं नाव मात्र पिशवीवर कुठेच नसतं. म्हणून ही कुळकथा सांगायची.

यातलं घड्याळ आधी येतं. हिंदुस्तान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी 1953 साली बंगळूरला उभी राहिली, आणि 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानं ती घड्याळं करू लागली. पुढची पंचवीस-तीस वर्षं या देशातल्या मध्यमवर्गाचं मनगट एचएमटीचंच होतं. लग्नात जावयाला द्यायचं ते घड्याळ एचएमटीचं, दहावीत मुलगा पहिला आला तर त्यालाही तेच. त्या तीन अक्षरांचा लोकांच्या मनातला अर्थ ‘मशीन टूल्स’ असा कधीच नव्हता. ‘फसवणार नाही अशी वस्तू’ एवढाच होता.

आता नागभीडकडे. वैनगंगा आमच्या भंडाऱ्यातून खाली पवनी, ब्रह्मपुरीकडे उतरते, त्या अंगाला चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. मराठवाड्यातल्या मोठ्या नांदेडशी त्याचा संबंध नाही. जंगलाच्या कडेचं, बोडीच्या पाण्यावर धान पिकवणारं, झाडीपट्टीतलं चारचौघांसारखं खेडं. तिथे दादाजी रामाजी खोब्रागडे राहत. दलित कुटुंब, जेमतेम दीड एकर शेती, शाळा तिसरीपर्यंत.

1983 सालची गोष्ट. दादाजींच्या बांधीत पटेल-3 हे धान होतं, जबलपूरच्या कृषी विद्यापीठातल्या डॉ. जे. पी. पटेल यांनी काढलेलं. कापणीच्या दिवसांत फिरताना त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. रंग पिवळसर, दाणा बारीक. धान पिकवणाऱ्या माणसाला हे दृश्य काही नवं नसतं. प्रत्येक बांधीत दोन-चार ‘दुसरी’ झाडं निघतातच आणि त्यांना आपण भेसळ म्हणतो. बियाण्यासाठी राखलेल्या बांधीत तर ती उपटून धुऱ्यावर फेकायची असतात. दादाजींनी त्या तीन लोंब्या खुडून प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या आणि घरी ठेवून दिल्या.

पुढच्या पावसाळ्यात त्यांनी ते दाणे शेताच्या मध्यभागी लावले, कारण कडेला रानडुकरांची भीती. भोवती काट्यांचं कुंपण घातलं. मला हा काट्यांचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दीड एकरवाल्या घराला शेतातली हातभर जागाही पोटाची असते. काय निघेल याचा पत्ता नसलेल्या मूठभर दाण्यांसाठी तिच्यातला तुकडा काढायचा, काट्या तोडून आणून तो राखायचा आणि हे एक वर्ष नाही, पाच वर्षं करायचं.

पाच वर्षं का लागली, हेही समजून घ्यायला हवं, कारण खरी कारागिरी तिथेच आहे. धानाचं फूल सकाळी उशिरा तास-दीड तास उघडतं आणि बहुतेक वेळा आपलं आपणच फळतं. शेजारच्या झाडाचा पराग लागून संकर होण्याचं प्रमाण शंभरात एकाच्याही आत असतं. म्हणून धानाचं वाण वर्षानुवर्षं टिकतं. पण कधीतरी तो दुर्मीळ संकर घडतो, किंवा बीजातच काहीतरी बदल होतो आणि बांधीत एखादं झाड वेगळं उभं राहतं. अशा झाडाची पोरं सगळी सारखी निघतीलच असं नाही. काही उंच, काही ठेंगणी, कुणाचा दाणा बारीक, कुणाचा जाडा. दरवर्षी त्यातली मनासारखी लोंब निवडायची, तेवढीच पुन्हा लावायची, बाकीची खाण्यात घालायची. असं करत करत एक वेळ येते की सगळी बांधी एका उंचीची, एका दिवसात पिकणारी, एका दाण्याची दिसते. कृषी महाविद्यालयात याला निवड पद्धत म्हणतात आणि ती शिकायला वर्षं घालवावी लागतात. दादाजींकडे वही नव्हती, वजनकाटाही बहुधा शेजाऱ्याचाच. पण लोंबीकडे बघायची नजर होती, आणि कालची लोंब आज आठवायची स्मरणशक्ती होती.

1988 पर्यंत धान स्थिर झालं. पटेल-3 पेक्षा उतारा जास्त, दाणा बारीक, शिजल्यावर भात मोकळा आणि चवीला सरस. 1990 मध्ये गावातल्याच एका मोठ्या शेतकऱ्यानं दादाजींकडून दीडशे किलो बियाणं नेलं, चार एकरांत लावलं आणि पन्नास पोती धान काढलं. ती पोती तळोधीच्या बाजारात गेली.

तिथला प्रसंग मी मनात अनेकदा पाहिला आहे, कारण तो तुमसरसारखाच घडला असणार. सळई खुपसली, धान हातावर आलं, रगडलं, फुंकर मारली. दाणा कधी न पाहिलेला. व्यापाऱ्यानं विचारलं असेल, हे कोणतं धान? आणि त्याला नावच नव्हतं. पिकवणाऱ्यानं पाच वर्षांत नाव ठेवायची घाई केली नव्हती. बाजाराला मात्र नावाशिवाय चालत नाही, नाव नसलं तर भाव कशाचा पुकारायचा? त्या दिवसांत सगळ्यात नावाजलेली वस्तू म्हणजे एचएमटीचं घड्याळ. व्यापाऱ्यानं तेच नाव देऊन टाकलं.

नाव चपखल बसलं, हे मान्य करायला हवं. दोन-चार वर्षांत हे धान नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी ओलांडून भंडारा-गोंदियात आलं आणि पुढे छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणापर्यंत पोहोचलं. कुठलीही जाहिरात नव्हती. एका पाहुण्याच्या घरून दुसऱ्याच्या घरी, पायलीभर बियाण्याच्या गाठोड्यातून ते गेलं. आमच्याकडे लेकीला बघायला सासरी जाणारा बाप पिशवीत चार गोष्टी नेतो, त्यात चांगल्या धानाचं बियाणंही असतं. वाण असंच फिरतं. पण जी वस्तू अशी फिरते तिच्यासोबत फक्त बाजारातलं नाव फिरतं, करणाऱ्याचं मागे राहतं.

यानंतरचं प्रकरण सांगताना मला त्रास होतो. 1994 मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही इथल्या धान संशोधन केंद्रातून प्रयोगासाठी म्हणून दादाजींकडून पाच किलो बियाणं नेण्यात आलं. 1998 मध्ये विद्यापीठानं ‘पीकेव्ही एचएमटी’ हे वाण प्रसारित केलं. दादाजींच्या बियाण्याचं शुद्धीकरण करून ते केलं गेलं, आणि शुद्धीकरण हेही काम आहे, ते कमी लेखायचं नाही. पण नावात आधी विद्यापीठाची अक्षरं होती, मग घड्याळाची. खोब्रागडे हा शब्द कुठे नव्हता. एका दाण्याला दोन आडनावं मिळाली आणि दोन्ही दुसऱ्यांची.

नाव देण्यानं काय होतं, याची उदाहरणं जगात आहेत. ऑस्ट्रेलियात मारिया ॲन स्मिथ नावाच्या बाईच्या परसात सफरचंदाचं एक रोप आपोआप उगवलं. 1868 च्या सुमाराची गोष्ट. ते हिरवं आंबट सफरचंद आज नागपूरच्या फळबाजारातही ‘ग्रॅनी स्मिथ’ म्हणूनच मिळतं, स्मिथ आजीचं. आपल्या द्राक्षबागांतलं थॉमसन सीडलेस हे कॅलिफोर्नियातल्या विल्यम थॉमसनचं नाव घेऊन इथवर आलं. लांब कशाला, उत्तराखंडातल्या इंद्रासन सिंह या शेतकऱ्यानं निवडलेल्या धानाला लोक ‘इंद्रासन’ म्हणतात. आमच्या झाडीपट्टीत ते का झालं नाही याचं उत्तर मला दीड एकर, तिसरी आणि जात या तीन शब्दांतच दिसतं. त्या दिवशी तळोधीला चार एकरवाल्याच्या पोत्यांना नाव मिळालं. दीड एकरवाला तिथे उभा असता तरी त्याला कुणी नाव विचारलं असतं का?

दादाजी थांबले नव्हते. त्यांच्या शेतातून वाणांमागून वाणं निघत राहिली: नांदेड 92, नांदेड हिरा, विजय नांदेड, दीपक रत्न, नांदेड चिन्नोर, काटे एचएमटी. नावं बघा. आता ती बाजारानं ठेवलेली नाहीत, त्यांत गाव आलं आहे. आणि मग एक वाण आलं, डीआरके. पुन्हा तीनच अक्षरं, पण या वेळी त्यांचा अर्थ दादाजी रामाजी खोब्रागडे. घड्याळाच्या तीन अक्षरांपुढे त्यांनी स्वतःची तीन अक्षरं ठेवली. या माणसाच्या मनात काय चाललं होतं हे मला त्या नावाइतकं दुसऱ्या कशानं कळलं नाही.

सन्मान आले, उशिरा आले. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठाननं त्यांचं काम नोंदवलं आणि 2005 च्या जानेवारीत राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांना पुरस्कार मिळाला. 2006 मध्ये महाराष्ट्र शासनाचा कृषिभूषण आला, सोबत सुवर्णपदक. पुढे घरची नड म्हणून ते पदक सोनाराकडे न्यावं लागलं तेव्हा सोनं कमी कसाचं निघालं आणि त्याच्या बातम्या झाल्या. ज्यानं आयुष्यभर दाण्याचा कस पारखला त्याच्या हाती हे यावं! 2010 मध्ये फोर्ब्सनं भारतातल्या सात कर्तबगार ग्रामीण उद्योजकांत त्यांचं नाव छापलं. उद्योजक म्हणजे कोण, हा विचार मी तेव्हापासून करतो आहे. दादाजींनी बियाणं विकलं, पण मागायला येणाऱ्या गरिबाला तसंही दिलं. त्या बियाण्यावर राईस मिल चालल्या, शेलर फिरले, कोंड्यापासून तेल निघालं, कणीचाही धंदा झाला, देव्हाडीच्या तुमसर रोड स्टेशनातून तांदूळ लांबवर गेला. आमच्या गल्लीतली पक्की घरं त्याच धंद्यावर उभी राहिली, आमचंही त्यातच आलं. नांदेडच्या घरात मात्र शेवटपर्यंत औषधपाण्याची ओढाताण होती.

कायदा होता का? झाला, पण नंतर. पिकांच्या वाणांचं संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांचा कायदा संसदेनं 2001 मध्ये केला. नवं वाण काढणारा शेतकरी हा शास्त्रज्ञाच्याच बरोबरीनं नोंदणीला पात्र आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. एचएमटी बाजारात आलं 1990 मध्ये. अकरा वर्षांचं अंतर. तोवर ते धान एवढ्या बांध्यांतून फिरलं होतं की ते सगळ्यांचंच झालं होतं.

2023 मध्ये भंडारा चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या जिल्ह्यात आनंद झाला, मलाही झाला. पिढ्यान्‌पिढ्या पिकवलेल्या सुवासिक तांदळाला गावाचं नाव कायद्यानं चिकटलं. त्याच आठवड्यात मी एका किराणा दुकानात एचएमटीची पाच किलोची पिशवी उलटसुलट करून पाहिली. पॅकिंगची तारीख, मिलचं नाव, किंमत, शिजवायची कृती. मागच्या बाजूला बोटभर कोरी जागा होती, ‘वाण: दादाजी खोब्रागडे, नांदेड, ता. नागभीड’ एवढी ओळ सहज मावेल इतकी. तुमसरच्या मिलवाल्यांना कुठला कायदा हे करायला अडवत नाही. माझी त्यांच्याकडे ही मागणी आहे आणि मी ती भेटेल त्याला सांगतो.

एचएमटी घड्याळांचा कारभार बंद करायचा निर्णय केंद्र सरकारनं 2016 मध्ये घेतला. वडिलांचं घड्याळ कपाटात आहे, चावी दिली की अजून चालतं. दादाजींना अर्धांगवायूचा झटका आला होता. गडचिरोलीतल्या शोधग्रामच्या दवाखान्यात, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्याकडे उपचार चालू असताना 3 जून 2018 रोजी ते गेले. मृग लागायला चार-पाच दिवस होते. झाडीपट्टीत गावोगाव घंगाळात मिठाचं पाणी करून त्यात धान टाकणं सुरू झालं होतं. पोचट वर तरंगलं की ते हातानं बाजूला सारायचं, तळाशी बसलेलं धुऊन सावलीत वाळवायचं आणि पहिला पाऊस पडला की पऱ्ह्यासाठी फेकायचं. कितीतरी घंगाळांत तळाला एचएमटीच होतं.