तळटीप : ‘क्रिस्तपुराणा’ची न सापडलेली छापील प्रत

थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात रायतूर (राशोल) येथे १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ मध्येही ते निघाले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही, म्हणून मुद्रणाबद्दलच शंका घेणे मात्र चूक ठरेल. हस्तलिखित नकला करणाऱ्यांनी काव्यासोबत मुद्रणाचे परवानेही उतरवून ठेवले आहेत. परवाना मिळाला म्हणजे पुस्तक छापलेच गेले असे नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. पण स्टीफन्सचीच कोकणी प्रश्नोत्तरी त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये रायतूरलाच छापली गेली आणि तिच्या प्रती युरोपात टिकल्या. तिथला छापखाना केवळ कागदोपत्री नव्हता, हे त्यावरून उघड आहे. ‘क्रिस्तपुराण’ तर भाविकांत सतत वाचले जाणारे पुस्तक. असे ग्रंथ वापरानेच झिजतात. त्यात १६८४ च्या पोर्तुगीज हुकुमाने स्थानिक भाषांवर गदा आली. म्हणूनच केवळ छापील प्रतींच्या मागे लागणाऱ्या संग्राहकांनी हस्तलिखित नकलांना दुय्यम मानू नये. जोसेफ साल्ढाणा यांची १९०७ ची मंगळूर आवृत्ती अशाच नकलांवरून सिद्ध झाली.