गुत्त्यातली सोबत

मित्रांबरोबर प्यायला बसलेला माणूस सुखरूप घरी का पोचतो, याचे उत्तर आपण त्याच्या संयमात शोधतो. किती प्याला, पोटात काही होते का, परतताना गाडी कोणी चालवली. हे सगळे महत्त्वाचे आहेच. पण मुंबई आणि तिच्या आसपासच्या मुलखाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर पिणाऱ्याचा जीव त्याच्या संयमाइतकाच भोवतालच्या माणसांवर अवलंबून होता असे दिसते. दारू कोणी गाळली हे ठाऊक असायला हवे, शेजारी बसलेल्याचे लक्ष असायला हवे आणि काही बिघडलेच तर न भिता डॉक्टरकडे जाता यायला हवे. माझे म्हणणे असे, की हे तिन्ही धागे आपल्याकडे कायद्याने एकेक करून तोडले आणि त्याची किंमत गरिबाने मोजली.

गुत्ता म्हणजे मुळात मक्ता. सरकारकडून दारूविक्रीचा मक्ता घेणारा तो गुत्तेदार. पुढे लोक त्याच्या दुकानालाच गुत्ता म्हणू लागले. महसुलाचा हा शब्द पिण्याच्या जागेला चिकटला, यातच पुष्कळ काही आले. त्याआधी ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या गावांत मोहाची दारू घरच्या भट्टीत गाळली जाई आणि किनाऱ्यावर भंडारी माडी उतरवत. माडी दिवसभरात आंबट होते, म्हणून ती जवळच आणि त्याच दिवशी प्यायली जाई. गाळणारा आणि पिणारा एकाच गावचे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती भट्ट्या मोडीत काढून गाळप सरकारी नियंत्रणाखालच्या मोठ्या भट्ट्यांत नेले आणि १८९२ च्या कायद्याने मोहाची फुले बाळगण्यावरही बंधने आली. उद्देश महसुलाचा होता. जुन्या दिवसांचे गोडवे मला गायचे नाहीत. तेव्हाही दारूपायी कर्ज होई, मारहाण होई. फक्त, वाईट माल विकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच गिऱ्हाइकांना तोंड दाखवावे लागे. हा धाक अबकारीने घालवला.

दुसरा धागा दारूबंदीने तोडला. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात तिचा पहिला प्रयोग झाला. पुढे १९४९ चा कायदा आला आणि एप्रिल १९५० पासून राज्यभर बंदी लागू झाली. ज्याच्याकडे पैसे आणि ओळख होती त्याने प्रकृतीच्या कारणाखाली परमिट मिळवले. बाकीचे हातभट्टीकडे किंवा ‘आंटी’च्या अड्ड्यावर गेले. धोबीतलाव, वांद्रे अशा वस्त्यांत घराच्या मागच्या खोलीत एक बाकडे, दोन-चार ग्लास, आणि दारू मोटारीच्या ट्यूबमध्ये भरून आलेली. आंटी निदान गिऱ्हाइकाला चेहऱ्याने ओळखत असे, जुन्या सोबतीचा तेवढा अंश तिथे उरला. पण पकडले जायची भीती असली की माणूस घटाघट पितो, खात नाही, आणि बैठक जमण्याआधीच पांगतो. त्यात १९५९ च्या दुरुस्तीने तिसरा धागाही तोडला, डॉक्टरलाही या प्रकरणात ओढले. रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क सापडला, की आपण प्यायलो ते औषधासारखे, कायद्याला चालणारे काही होते हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर आली. रक्त काढणारा हात पुरावा गोळा करू लागला, तेव्हा कोसळलेल्या मित्राला दवाखान्यात न्यायचे, की त्याला घरी झोपवून ‘उतरेल सकाळपर्यंत’ म्हणायचे, हा प्रश्न सोबतीला आलेल्यासाठी अवघड झाला.

विषारी दारूत हीच झोप घात करते. काळा गूळ आणि नवसागर घालून गाळलेल्या हातभट्टीत, किंवा तिच्याऐवजी, कारखान्यात वापरायचे मिथेनॉल मिसळले जाते. ते स्वस्त पडते आणि वासा-चवीने ओळखू येत नाही. खेड्यातली जुनी पारख म्हणजे पहिल्या धारेच्या दारूला काडी लावून पाहणे. पण मिथेनॉलही पेटते. काडीने कळतो तो कडकपणा, विष कळत नाही. सुरुवातीला नेहमीसारखीच नशा होते. मग शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल तयार होते, आणि बारा-चोवीस तासांनी पोटात कळा येतात, धाप लागते, डोळ्यांपुढे धुके दाटते. तोवर बैठक मोडून जो तो आपल्या घरी गेलेला असतो.

यावर कोणी म्हणेल, की दारूबंदी सैल झाल्यावरच तर २००४ मध्ये विक्रोळीत आणि जून २०१५ मध्ये मालवणीत माणसे मेली. मालवणीत तर शंभरावर. मग बंदीला दोष का? हा आक्षेप रास्त आहे. १९६० मध्ये राज्य विभागले तेव्हा १९४९ चा तोच कायदा गुजरातकडेही गेला. महाराष्ट्राने तो सैल केला, गुजरातने घट्ट धरला, आणि २००९ मध्ये अहमदाबादेतही शंभरावर माणसे विषारी दारूने गेली. म्हणजे कलमे सैल की घट्ट, यावर सगळे ठरत नाही. दोन्हीकडे मेला तो कर भरलेली बाटली न परवडणारा, आणि दारू कुठून आली हे विचारायची सोय नसलेला मजूर.

दुसरा आक्षेप बायांचा आहे आणि तो मला अधिक जड वाटतो. गडचिरोलीत १९९३ मध्ये बंदी आली ती लोकांच्या चळवळीतून. इतरत्र गावोगावी मतदान करून ‘आडवी बाटली’, म्हणजे दुकानबंदी, निवडणाऱ्या स्त्रियांना पिणाऱ्याच्या सुरक्षिततेपेक्षा घरी येणाऱ्या मजुरीची आणि मारहाणीची काळजी आहे, आणि ती खरी आहे. दुकान हटवण्याचा त्यांचा हक्क मला पूर्ण मान्य आहे. पण हातभट्टीचा कॅन वस्तीत आला, तर त्याची पहिली खबरही त्यांनाच असते आणि ती द्यायला त्या घाबरू नयेत. कारण मिथेनॉलवर इलाज आहे. वेळेत पोचलेला रोगी वाचू शकतो. एकाची नजर धूसर झाली, की त्याच कॅनमधून प्यायलेल्या बाकीच्यांना, ठणठणीत वाटत असले तरी, त्याच तासाला उठवून रुग्णालयात न्यावे लागते. आणि कोण कोण बसले होते, हे फक्त त्या बैठकीतल्या सोबत्यांनाच ठाऊक असते.