एक रातढोकरी, दोन नावं

रातढोकरी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. दिवसभर तळ्याकाठच्या झाडावर पेंगते आणि अंधार पडू लागला की ‘क्वॉक’ करत बाहेर पडते. डोकं आणि पाठ काळी, पंख राखाडी, डोळे लालभडक, मानेमागे दोन-तीन लांब पांढरी पिसं. आता तिचं पिल्लू पाहू. अंगभर तपकिरी, पंखांवर फिकट ठिपके, छातीवर रेघा, डोळे पिवळसर. पिसं दरवर्षी झडतात, नवी येतात, आणि साधारण तिसऱ्या वर्षी ते आईबापांसारखं दिसू लागतं.

हा बदल डोळ्यांसमोर घडत नसेल तर काय होतं, हे इतिहासात सापडतं. १७५८ मध्ये लिनीयसनं या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं, त्याचा अर्थ ‘रात्रीचा कावळा’. पुढे वेल्सच्या पेनंटनं अमेरिकेतल्या एका ठिपकेदार बगळ्याचं वर्णन केलं आणि चार्ल्सटनचे डॉक्टर अलेक्झांडर गार्डन यांचं नाव त्याला दिलं. आपल्या अंगणातल्या अनंताचं ‘गार्डेनिया’ हे नावही त्यांच्याच नावावरून आलेलं. १७८९ मध्ये ग्मेलिननं हा बगळा वेगळी जात म्हणून ‘आर्डिया गार्डेनी’ या नावानं नोंदवला. तो होता रातढोकरीचंच पिल्लू! आईबाप एका नावाखाली, लेकरू दुसऱ्या.

याला ग्मेलिनचा निष्काळजीपणा म्हणून आपण मोकळं होऊ नये. युरोपातल्या अभ्यासकांपुढे असायची ती वाळवलेली कातडी, चित्रं आणि इतरांची वर्णनं. कातडं पक्ष्याच्या आयुष्यातला एकच दिवस दाखवतं, त्याला कालही नसतो आणि उद्याही नसतो. घरट्याजवळ राहून तोच पक्षी वर्षानुवर्षं पाहिला, तरच दोन रूपांमधला धागा हाती लागतो.

म्हणून १९०२ हे साल आपण लक्षात ठेवू. त्या वर्षी वॉशिंग्टन परिसरात पॉल बार्ट्श यांनी २३ रातढोकरींच्या पायांत कडी घातली. कडीवर साल, क्रमांक आणि स्मिथसोनियन संस्थेकडे परत पाठवण्याची सूचना. पक्षी कुठे जातात, हे त्यांना शोधायचं होतं. पिल्लांची ओळख तोवर पटलेलीच होती. पण त्या कडीचा आणखी एक अर्थ आपल्याला घेता येतो. पिसं झडली, रंग पालटला, तरी क्रमांक तोच राहतो. वाळवलेल्या कातड्याजवळ नेमकं हेच नव्हतं.