जुनी फियाट-पद्मिनी : बिघाडाचे निदान आणि सांभाळ (नायगाव, मुंबई)

प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात बनवलेली, मुंबईत सरसकट ‘फियाट’ याच नावाने ओळखली जाणारी चार दारांची मोटार. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये ही कंपनी काढली. इटलीच्या फियाटच्या ११०० मालिकेतल्या गाड्या येथे बनू लागल्या. त्यांतल्या गोलसर पाठीच्या पिढीला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हटले. १९६४ च्या सुमारास ११००-डी आली. तीच पुढे ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ झाली. २००० च्या आसपास उत्पादन थांबले. इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरांचे, ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. बहुतेक गाड्यांत गिअरचा दांडा स्टिअरिंगला, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि मागे पाटे. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून या गाडीने मुंबई चालवली. टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. आज उरलेल्या गाड्या खासगी मालकांच्या आहेत आणि प्रस्तुत नोंद त्यांच्यासंबंधी आहे.

नायगावात ही गाडी जितकी चालून झिजते त्याहून अधिक उभी राहून बिघडते. निदानाची सुरुवात या गोष्टीपासून करावी. येथील ४२ बीडीडी चाळी १९२० च्या दशकात गिरणी कामगारांसारख्या पायी चालणाऱ्यांसाठी उभ्या राहिल्या. मोटारीसाठी जागा सोडण्याचा प्रश्नच तेव्हा नव्हता. आता पुनर्विकासाच्या बांधकामाने मोकळे अंगणही आखडले आहे. गाडी रस्त्याच्या कडेला, उघड्यावर, खाडीकडून येणाऱ्या दमट खाऱ्या हवेत आठवडाभर उभी असते. रविवारी ती दादर टीटीपर्यंत जाते, तीही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. बॅटरी पुरती चार्ज होत नाही, इंजिन पुरते तापत नाही, ब्रेकचे सिलिंडर जागच्या जागी गंजतात. शेजारच्या पारशी कॉलनीत जपलेल्या गाड्यांची तब्येत बरी दिसते ती छपरामुळे आणि रोज थोडे चालवण्याच्या सवयीमुळे.

गरम झाल्यावर बंद पडणे. या गाडीची सर्वांत जास्त गाजलेली आणि सर्वांत जास्त चुकीचे उपचार झालेली तक्रार. मे महिन्यात, नायगावजवळच्या हिंदमात्याच्या सिग्नलला गाडी आचके देऊन बंद पडते, सेल्फ मारून उठत नाही आणि वीस मिनिटांनी काही झालेच नाही अशी सुरू होते. याची मुख्य कारणे दोन. पहिले, पेट्रोलची वाफ : पंप इंजिनावरच बसवलेला असल्याने उष्णतेने पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला द्रव ओढता येत नाही. पंपावर ओले फडके ठेवण्याचा टॅक्सीवाल्यांचा उपाय अगदी शास्त्रशुद्ध आहे. वाफ थंड होऊन पुन्हा द्रव होते. दुसरे, कॉईल किंवा कंडेन्सर : आतले इन्सुलेशन जुने झाले की गरम असताना ठिणगी मरते आणि थंड झाल्यावर परत येते. बाहेरून दोन्ही तक्रारी हुबेहूब सारख्या दिसतात, म्हणून गाडी बंद पडली त्या क्षणीच तपासणी करावी. थंड झाल्यावर पुरावा उरत नाही. एक प्लग काढून त्याच्या वायरीला लावावा, प्लगचे धातूचे अंग इंजिनाला टेकवावे, वायर कोरड्या फडक्याने धरावी आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. निळसर, कडक आवाजाची ठिणगी पडली तर दोष पेट्रोलचा. ठिणगी पिवळी, मरतुकडी किंवा अजिबात नसेल तर दोष विजेचा. या तपासणीच्या वेळी पेट्रोलची नळी उघडी नसावी. हे न करता आधी कार्ब्युरेटर, मग पंप, मग कॉईल असे एकेक बदलत गेलेल्या मालकांचे पैसे विनाकारण गेले आहेत.

२००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि अलीकडे त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. पहिल्या बदलाने व्हॉल्व्हची बैठक हळूहळू खचते : टॅपेटचे अंतर पुन्हा पुन्हा कमी होते, कॉम्प्रेशन जाते. हेड खोलण्याची वेळ येईल तेव्हा कडक धातूच्या सीट बसवून घ्याव्यात. इथेनॉलचा त्रास अधिक रोजचा आहे. ते जुन्या रबराच्या नळ्या आणि पंपाचा पडदा फुगवते, हवेतली ओल शोषते आणि उभ्या गाडीच्या टाकीत तळाला पाणी व गंज साठतो. गाडी वेगात नीट चालते पण थोड्या वेळाने दम तोडते, ही या कचऱ्याची खूण. नव्या पेट्रोलला टिकणाऱ्या नळ्या, पारदर्शक फिल्टर आणि वर्षातून एकदा टाकीची सफाई एवढ्यावर भागते. फुगलेल्या, पाझरणाऱ्या नळीकडे मात्र एक दिवसही दुर्लक्ष करू नये, कारण खाली तापलेले इंजिन असते.

सुरू न होणे. सेल्फ मारताना हेडलाइट लावून पाहावेत. प्रकाश पार मावळला तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल. प्रकाश तसाच राहून नुसता ‘टक्’ आवाज आला तर सोलेनॉइड किंवा सेल्फ. रात्रभर उभ्या असलेल्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसतात. इंजिन चालू असताना सुमारे १३.८ ते १४.४. जुन्या डायनॅमोच्या गाड्या मंद रेसवर पुरेसे चार्ज करत नाहीत. पावसात वायपर आणि दिवे लावून रांगेत सरकताना बॅटरी उतरते याचे कारण तेच आणि त्यात बॅटरीचा दोष नसतो. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, तेव्हा डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडावी. पॉइंट काळवंडलेले असतात किंवा त्यांचे अंतर बिघडलेले असते. ते फीलर गेजने साधारण ०.४ ते ०.५ मिमी ठेवतात. टोपीच्या आतली केसासारखी बारीक चीर उजेडात धरून शोधावी. पहिल्या पावसात ‘मिसिंग’ करणाऱ्या गाडीत ती सापडते. वायरी काढताना क्रम लिहून ठेवावा : १-३-४-२.

पाणी. हिंदमाता, दादर आणि परळचा सखल पट्टा नायगावला लागून आहे. महापालिकेने सेंट झेवियर्स मैदान आणि प्रमोद महाजन उद्यानात भूमिगत टाक्या बांधल्यावर पाणी पूर्वीपेक्षा लवकर ओसरते, तरी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की रस्ता बुडतो. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. चारही प्लग काढून, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर टाकावे. दाराच्या उंबऱ्यापर्यंत पाणी आले असेल तर इंजिन ऑइलसोबत गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शिअलचे ऑइलही बदलावे. हे दोन भाग विसरले जातात आणि काही महिन्यांनी घरघरू लागतात. ओल्या ड्रमचे ब्रेक लागत नाहीत. मंद गतीत ब्रेकवर हलका पाय ठेवून ते वाळवावेत आणि त्यानंतरच वेग घ्यावा.

ऑइलच्या झाकणाखाली साय दिसली की हेड गॅस्केट गेले असे सांगण्याची पद्धत आहे. पावसाळ्यात फक्त छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ही साय नुसत्या ओलीनेही धरते. रेडिएटरचे पाणी घटते आहे का, त्यात बुडबुडे येतात का, डिपस्टिकवरचे ऑइलही दुधाळ आहे का, हे पाहिल्याशिवाय हेड उतरवू देऊ नये.

धूर आणि ताप. निळा धूर ऑइलचा. सकाळी सुरू करताना क्षणभर आला तर व्हॉल्व्ह गाइडचा दोष, तो परवडतो. रेस देताना सतत येत असेल तर रिंगा आणि बोअर. खात्रीसाठी कॉम्प्रेशन मोजून प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकावे. आकडा वाढला तर रिंगा, न वाढला तर व्हॉल्व्ह. काळा धूर अडकलेल्या चोकचा किंवा कार्ब्युरेटरचा. गाडी तापत असेल तर फॅनबेल्ट, पाण्याचा पंप, चोंदलेला रेडिएटर या क्रमाने जावे. थर्मोस्टॅट काढून फेकणे हा उपाय नव्हे.

ब्रेक आणि पत्रा. जीव याच दोन गोष्टींवर अवलंबून असतो, म्हणून इंजिनाच्या आधी खर्च येथे करावा. गाडी ब्रेकला एका बाजूला ओढत असेल तर एखाद्या चाकाचा सिलिंडर अडकला आहे किंवा पाझरतो आहे. ब्रेक ऑइल ओल शोषते. दोन वर्षांनी ते बदलावे, मग प्रवास कितीही कमी झालेला असो. पावसाळ्यात दीर्घकाळ उभ्या गाडीचा हँडब्रेक ओढून ठेवू नये, लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी ठोकळा लावावा. जुनी फियाट विकत घेताना रंगापेक्षा चटई उचलून पाहावी. पाय ठेवण्याची जागा, उंबरे, जॅक लावण्याचे ठिकाण आणि दारांची खालची कड आधी कुजते. लोहचुंबक जेथे चिकटत नाही तेथे पुट्टी आहे. दारांखालची पाणी जाण्याची भोके काडीने मोकळी ठेवली तर पत्र्याचे आयुष्य कित्येक वर्षांनी वाढते. बोनेटखाली उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हा नायगावचा आणखी एक त्रास. आठवड्यातून एकदा बोनेट उघडणे एवढाच भरवशाचा बंदोबस्त आहे.

कागदपत्रे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण होते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. १ एप्रिल २०२२ रोजी केंद्राने मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये केले होते. जुन्या पेट्रोल गाडीसाठी पीयूसीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे; इंजिन पूर्ण तापवून आणि एअर फिल्टर साफ करून गेल्यास चांगली गाडी सहज उतरते. विम्यात पाण्याने झालेले इंजिनाचे नुकसान वेगळी जोड घेतल्याशिवाय सहसा मिळत नाही. हिंदमात्याच्या शेजाऱ्यांनी विम्यातली ही अट वाचून घ्यावी. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. पण ती नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, म्हणून जिला रविवारी बाहेर काढायचे आहे तिचे साधे नूतनीकरणच बरे.

सुटे भाग. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागी आता कोहिनूर सिटी उभी आहे. भाग मिळतात ते चोर बाजारात आणि भंगारात निघालेल्या टॅक्सींतून. पॉइंट, कंडेन्सर, पंपाचा पडदा, फॅनबेल्ट आणि ब्रेकचे रबर नवे घ्यावे व एकेक जास्तीचे डिकीत ठेवावे. दारे, काचा, ग्रिल जुनी चालतात. जुन्या रबराचे मात्र काहीही घेऊ नये.